ओढून-सोडून केलेलं पान खरं नसतं का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई कळव्याला राहतात, चाळिशीला आल्या आहेत. नौपाड्यातल्या एका छापखान्यात त्यांनी बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम, केलं: पेजमेकर, कोरलड्रॉवर लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांच्या स्मरणिका. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागल्या, काम आटलं, प्रेस बंद झाली. मग घरी बसून व्हिडिओ बघत त्या कोड न लिहिता वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर शिकल्या. चौकट ओढायची, जागेवर सोडायची, हालचाल निवडायची. आतापर्यंत तीन साइट केल्या: एका भरतनाट्यम वर्गाची, एका फिजिओथेरपिस्टची, कोपरीतल्या एका केटरिंगवाल्या बाईंची. आता त्या बाईंना पानावर माणसांची संख्या टाकली की खर्चाचा अंदाज दिसायला हवा आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये तसा तयार तुकडा नाही. ऐरोलीत कंपनीत असलेला पुतण्या म्हणतो, "काकू, हे ओढून-सोडून केलेलं खरं काम नाही. कोडिंग शीक." एका क्लासने सहा महिन्यांच्या 'फुल स्टॅक' (दिसणारं पान आणि मागचा सर्व्हर, दोन्हींचं कोडिंग) कोर्सची फी ८५ हजार सांगितली आहे, हप्त्यांनी. यजमान म्हणतात, या वयात कशाला? पुतण्याच पुन्हा असंही म्हणतो की पुढे सगळं एआयच करणार. त्या विचारतात: कोर्स करू, आहे तेच चालू ठेवू, की सोडून देऊ?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात 'खरं काम' हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. फी, वय, एआय यांच्याकडे नंतर वळू. आधी याच शब्दांशी थांबावंसं वाटतं, कारण बाकीचे सगळे प्रश्न तुम्ही त्यांच्यावर उभे केले आहेत.

छापखान्यातले दिवस आठवा. फिल्म काढायला तुमची फाइल जायची तेव्हा मशीनपर्यंत पोचायचा तो पोस्टस्क्रिप्ट नावाच्या भाषेतला मजकूर. कोणती रेघ कुठून कुठे, कोणतं अक्षर किती पॉइंटात, कोणता रंग किती टक्के, सगळं ओळीओळीने लिहिलेलं. तो मजकूर सॉफ्टवेअर लिहायचं. १९८५ साली पेजमेकर आलं आणि जगभरच्या छापखान्यांत हीच रीत पडली. त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला कोणी म्हणालं का, की पोस्टस्क्रिप्ट हाताने लिहीत नाही म्हणजे तुमची पत्रिका खरी नाही?

वेबचंही तसंच आहे. तुम्ही चौकट ओढून सोडता तेव्हा सॉफ्टवेअर मागच्या बाजूला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट लिहीत असतं. पानावर काय काय आहे हे पहिल्यात, ते कसं दिसावं हे दुसऱ्यात, आणि कोणी काही केलं की काय घडावं हे तिसऱ्यात. ब्राउझर पान दाखवतो ते मुख्यतः या तिन्हींवरून, आणि ते कोणी लिहिलं याची त्याला फिकीर नसते. तेव्हा 'खरं काम' या मुद्द्यावर मी पुतण्याच्या बाजूने नाही.

पण त्याच छापखान्यातली दुसरी गोष्टही आठवा. पोस्टस्क्रिप्ट येत नसलं तरी मशीनवर काय होणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कटिंगसाठी ब्लीड, म्हणजे कडेबाहेरची जादा छपाई, सोडायचा, पडद्याच्या रंगांतला आरजीबी फोटो छपाईच्या सीएमवायके रंगांमध्ये न्यायचा, फाइल बाहेर देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे रेघांचे आकार, करायचे. स्क्रीनवर सुंदर दिसणारं पान छापून आल्यावर कुठे फसेल हे तुम्ही आधीच सांगू शकत होतात. तुमचा मालक पगार त्याचा देत होता. वेबवर तुम्हाला ही नजर अजून आलेली नाही, आणि तुमच्या पत्रातली अस्वस्थता मला तिथली वाटते. पुतण्या म्हणतो कोड लिहायला शीक. मी म्हणेन, आधी तुमच्याच पानामागचा कोड वाचायला शिका. यासाठी ८५ हजार लागत नाहीत.

हे शिकायला का हवं, याचं एक रोखठोक कारणही आहे. ही सॉफ्टवेअर्स मरतात. मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज २००६ मध्ये बंद झालं. अ‍ॅडोबीचं म्यूझ तुमच्यासारख्या छपाईतून आलेल्या डिझायनरांना फार आवडायचं, कारण ते छपाईच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरसारखं वाटायचं. २०१८ मध्ये कंपनीने त्याचं पुढचं काम थांबवलं आणि २०२० मध्ये मदतही बंद केली. हलत्या, बोलत्या पानांचा राजा असलेला फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला गेला, आणि त्यात केलेलं सगळं ब्राउझरमध्ये उघडायचं थांबलं. याउलट सर्न या युरोपातल्या विज्ञान प्रयोगशाळेत तयार होऊन १९९१ मध्ये जगाला खुलं झालेलं पहिलं वेबपान, त्याची जपलेली प्रत, आजही उघडतं, तुमच्या फोनवरसुद्धा, कारण ते साध्या एचटीएमएलमध्ये आहे. आज तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेल असं गृहीत धरू नका. चौकटीला आतली जागा म्हणजे पॅडिंग, बाहेरची म्हणजे मार्जिन, ओळीत मांडायला फ्लेक्सबॉक्स, रकान्यांत मांडायला ग्रिड, हे मात्र तेव्हाही कामाला येईल.

सुरुवात अशी करा. तुमची भरतनाट्यम वर्गाची साइट कॉम्प्युटरवर क्रोममध्ये उघडा, मथळ्यावर उजवं बटण दाबा, 'इन्स्पेक्ट' निवडा. बाजूला त्या पानाचा कोड उघडेल. एकेका ओळीवर माउस न्या, पानावरची ती ती चौकट रंगीत होईल. तिथले आकडे बदलून बघा, खरी साइट बिघडत नाही, पान पुन्हा लोड केलं की सगळं जागेवर येतं. रोज थोडा वेळ स्वतःच्याच पानावर हे करत राहिलात की सॉफ्टवेअरच्या उजव्या पट्टीतली बटणं नेमकं काय लिहितात ते दिसायला लागेल. सोबत एमडीएन या वेबचं तंत्र शिकवणाऱ्या साइटवरचे धडे वाचा. ते फुकट आहेत आणि इंग्रजी सोपं आहे.

मी मथळाच मुद्दाम सांगितला. तुम्ही लिहिलं आहे की त्यावर अक्षरं एकेक करून उमटण्याची हालचाल लावली, तर 'भरतनाट्यम्' फुटतं, काना वेगळा पडतो, मधेच ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. फॉन्ट बदलून पाहिलात, उपयोग झाला नाही. होणारही नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, 'ट्य' हे एक अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. ट, हलन्त आणि य असे तीन तुकडे असतात, आणि पडद्यावर दाखवताना त्यांची जोडणी होते. पहिली वेलांटी तर साठवताना अक्षराच्या नंतर असते आणि दिसताना आधी. तुमचं सॉफ्टवेअर हालचालीसाठी प्रत्येक तुकडा सुट्या चौकटीत टाकतं. चौकटी वेगळ्या झाल्या की जोडणी व्हायला वावच राहत नाही. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं असतं, तिथे हे खपून जातं.

म्हणून मराठी मथळ्याला हालचाल शब्दाशब्दाने किंवा ओळीओळीने लावा. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय असतो. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा आकडा शून्यावर ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त द्या, वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते. पानाची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' निवडा, त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. आणि छापखान्यातला जुना मजकूर कुठून उचलणार असाल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे तुम्हाला सांगायला नको, श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या ओळी ईमेलमध्ये चिकटवल्या की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. देवनागरी पानावर नीट बसवता येणं हे वेबवर आजही दुर्मीळ कौशल्य आहे, ताई. पुतण्याच्या कंपनीत ते किती जणांकडे असेल, त्याला विचारा.

आता केटरिंगवाल्या बाई. इथे एक गृहीत तपासू या: त्यांना हिशेब करणारं यंत्र हवं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. आधी त्यांच्याशी बोला. दोनशे माणसांच्या मुंजीला आणि दोनशे माणसांच्या रिसेप्शनला त्या एकच भाव लावतात का? पंगत की बुफे, गोड एक की दोन, भांडी-वाढपी कोणाचे, हॉल कुठल्या मजल्यावर? केटरिंगमध्ये भाव या सगळ्यावर ठरतो. पानावर एकदा आकडा दिसला की गिऱ्हाईक तोच धरून बसतं, आणि भांडण बाईंच्या वाट्याला येतं. मला दाट शंका आहे की त्यांचा खरा त्रास वेगळा आहे: 'रेट काय?' एवढंच विचारणारे फोन दिवसभर येतात आणि तारीख, माणसं, जागा हे खोदून खोदून विचारावं लागतं.

तसं असेल तर उत्तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तारीख, माणसं, ठिकाण आणि जेवणाचा प्रकार अशा चार प्रश्नांचा फॉर्म करा. प्रत्येक रकान्याचं नाव वरती कायम दिसू द्या. आतल्या फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टायपिंग सुरू होताच जातं आणि वयस्कर माणूस गोंधळतो. खाली 'व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा' हे बटण. डब्ल्यूए डॉट एमई या पत्त्यापुढे ९१ आणि बाईंचा नंबर जोडला की लिंक थेट त्यांच्या चॅटमध्ये उघडते, आणि तिला आधीच लिहिलेला निरोपही जोडता येतो. फॉर्ममधली चार उत्तरं त्या निरोपात भरायला मात्र थोडं जावास्क्रिप्ट लागेल.

आणि बाई म्हणाल्या, नाही, अंदाजाचा आकडा दिसायलाच हवा, तर घाबरू नका. पानावर जे काही 'इंटरअ‍ॅक्टिव्ह' असतं त्याची गोष्ट एवढीच असते: कोणीतरी काहीतरी करतं, पान ते ऐकतं, आणि काहीतरी बदलतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिकवर मेनू उघडतो तेही हेच. इथे संख्या बदलली की ती वाचायची, ताटाच्या भावाने गुणायची, उत्तर खालच्या ओळीत लिहायचं. दहा-पंधरा ओळींचं काम आहे, आणि बहुतेक सॉफ्टवेअर्समध्ये बाहेरचा कोड ठेवायला 'एम्बेड' नावाची चौकट असते. ती सोय कधी कधी फक्त पैसे भरलेल्या योजनेत मिळते, ते आधी बघा. भाव एक आकडा न दाखवता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा दाखवा आणि खाली स्पष्ट लिहा की नक्की रक्कम मेनू ठरल्यावर कळेल.

यात एक खाच आहे, ती मराठी पानावरच भेटते. कोणी मराठी कीबोर्डवरून २०० असे देवनागरी अंक टाकले तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. गुणाकाराच्या जागी 'एनएएन' येतं, म्हणजे 'हा आकडा नव्हे'. त्यामुळे हिशेबाआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावे लागतात, किंवा टायपिंगच नको, ५०, १००, २०० अशी बटणं द्यायची. माझं मत बटणांच्या बाजूने आहे. अंगठ्याने दाबता येतात आणि चुकीला जागा राहत नाही.

एआयचा प्रश्न इथेच सुटतो. हा हिशेबाचा तुकडा एआयकडून लिहून घ्या, खुशाल. चांगला लिहून देईल. पण देवनागरी अंक टाकून बघायचं, रिकामा रकाना ठेवून बघायचं, उणे संख्या टाकून बघायची, हे कोणाला सुचणार? ज्याला गिऱ्हाईक ठाऊक आहे त्याला. तो कोड ओळीओळीने तुम्हाला वाचता यायला हवा, म्हणजे भाव वाढल्यावर कोणता आकडा बदलायचा हे शोधायला दुसऱ्याकडे जावं लागणार नाही. पुतण्या एकाच दमात 'कोडिंग शीक' आणि 'सगळं एआय करणार' म्हणतो, त्याचा त्रास करून घेऊ नका. त्याच्या क्षेत्रातही सध्या लोक याच दोन वाक्यांमध्ये हेलकावत आहेत.

राहिलेल्या दोन साइटबद्दल थोडं. त्या तुमच्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसतात यात मला शंका नाही. पण त्या बघणारा माणूस बहुधा ठाणे-वाशी लोकलमध्ये उभा आहे, एका हाताने कडी धरून. नृत्यवर्गाच्या पानावर फोटोवर माउस नेला की बॅचची वेळ दिसते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. फोनवर माउस नसतो. त्या पालकांना वेळ दिसतच नसेल, किंवा चुकून बोट लागलं तर दिसत असेल. वेळा उघड लिहून टाका. एखाद्या शेजाऱ्याचा जुना, स्वस्तातला फोन घेऊन तिन्ही साइट उघडा, वायफाय बंद करून. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, पत्ता टाकला की पान कुठे जड झालंय ते सांगतं. मार्च २०२४ पासून गूगल हेही मोजतं की बोट लावल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देतं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. जड पानाचं कारण बहुतेक वेळा थेट कॅमेऱ्यातून चढवलेले फोटो असतात. छपाईला तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) लागायचे ती सवय इथे उलटी पडते.

फिजिओथेरपिस्टच्या पानाची मला जास्त काळजी वाटली. स्क्रोल करताना मागचं चित्र एका वेगाने आणि मजकूर दुसऱ्या वेगाने सरकतो, असं तुम्ही लिहिता. तिथे येणाऱ्यांत चक्कर येणारे, मानेचा त्रास असलेले रुग्ण असतात, आणि अशी हालचाल त्यांना सहन होत नाही. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग असतं, आणि ते चालू असेल तर पानाने हालचाल थांबवावी अशी सोय सीएसएसमध्ये आहे. पण त्या पानावरून मी ती हालचाल पूर्ण काढून टाकेन. तिथे पत्ता, वेळ, फोन आणि जिना आहे की लिफ्ट, एवढं पटकन सापडलं पाहिजे. शिवाय फॉर्ममध्ये 'आजार काय?' हा रकाना असेल तर तोही काढा. ती माहिती डॉक्टरांनी समोरासमोर विचारायची, कुठल्या तरी सर्व्हरवर साठवून ठेवायची नाही.

आता कोर्स. फुल स्टॅकमध्ये सहसा रिअ‍ॅक्ट, नोड, डेटाबेस असं शिकवतात. तुम्हाला ऐरोलीत किंवा महापेत कंपनीची नोकरी हवी असेल, तर त्या वाटेचा विचार करा, आणि तेव्हासुद्धा हप्ते सुरू करण्याआधी फुकटच्या धड्यांवर दोन-तीन महिने स्वतःला आजमावून बघा. पण पत्रात कुठेही तुम्ही नोकरी हवी असं म्हटलेलं नाही. तुम्हाला कोपरी, नौपाडा, कळव्यातल्या छोट्या व्यावसायिकांची कामं हवी आहेत, घरून, आणि ती करताना मान खाली जायला नको आहे. त्यासाठी एचटीएमएल, सीएसएस आणि बेताचं जावास्क्रिप्ट पुरतं. एकदा केटरिंगचं एकच पान सॉफ्टवेअर बाजूला ठेवून साध्या नोटपॅडमध्ये हाताने लिहून काढा. वेळ लागेल, चिडचिड होईल. ते पान ब्राउझरमध्ये उघडलं की पुतण्याचं वाक्य पूर्वीइतकं टोचणार नाही, आणि पुढचं काम पुन्हा खुशाल सॉफ्टवेअरमध्ये करा. यजमानांना सांगा की डीटीपीच्या त्या सगळ्या वर्षांवर पुढचा मजला चढवते आहे. अंतर, वजन, ओळ आणि अक्षर यांची जाण तरुण मुलांना शिकवावी लागते, ती तुमच्या डोळ्यांत आहे.

सोडून देण्याचा पर्याय मी बाजूला ठेवला आहे, कारण तीन जणांनी तुम्हाला पैसे दिले आणि त्यातली एक जण आणखी काम घेऊन परत आली आहे.

एका गोष्टीवर मात्र मला कडक बोलावं लागेल. तिन्ही साइटचं मासिक शुल्क तुमच्या कार्डवरून जातं आणि डोमेन, म्हणजे साइटचे पत्तेही तुमच्याच नावावर घेतलेत. हे लवकरात लवकर बदला. उद्या तुम्ही आजारी पडलात, कार्ड बदललं, तर त्यांचं दुकान बंद. डोमेन ज्याचं त्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर असावं, सॉफ्टवेअरचं खातं त्याचं, तुम्हाला फक्त आत येऊन काम करायची परवानगी. नवीन काम घेताना सॉफ्टवेअर निवडतानाही एवढं विचारा की इथून बाहेर पडायचं झालं तर काय नेता येतं. विक्समधून साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वेबफ्लोमध्ये पैसे भरलेल्या योजनेत कोड उतरवून घेता येतो, पण बाहेर नेल्यावर त्यातले फॉर्म चालत नाहीत. स्वतःच्या होस्टिंगवरचं, म्हणजे स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं, वर्डप्रेस सगळ्यात सहज हलतं, पण त्याचे अपडेट आणि सुरक्षा सांभाळायचं काम अंगावर येतं. माझ्या मते नृत्यवर्गासारख्या महिन्याला बदल लागणाऱ्या साइटला वर्डप्रेस बरं. वर्षातून एकदा हात लावायच्या साइटला साधी, हातात फाइल देता येईल अशी पानं बरी.

आणि केटरिंगवाल्या बाईंना फोन करण्याआधी कोटेशन तयार ठेवा. फॉर्मचं काम एका ओळीत, हिशेबाचा तुकडा हवाच असेल तर दुसऱ्या ओळीत, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च 'तुम्ही थेट भरायचा' म्हणून तिसऱ्या ओळीत. वर्षभर भाव आणि फोटो बदलून देण्याची तुमची देखभालीची रक्कम चौथ्या ओळीत, वेगळी. छापखान्यात प्रूफ दोनदा बघून मिळायचं आणि तिसऱ्यांदा बदल केला तर पैसे पडायचे, ती अटही खाली लिहा.